उभ्या गाडीची घंटी

१

दर शनिवारी सकाळी सातला श्रीरंग मंडळाच्या मागच्या आवारात येत असे आणि ट्रकच्या बॅटऱ्यांची झाकणं उघडत असे. डिसेंबरचे दिवस. धुक्यात समोरची भिंतसुद्धा अर्धीच दिसायची. पहाडगंजातल्या हॉटेलांचे दिवे अजून जळत असायचे, स्टेशनातून उशिरा धावणाऱ्या गाड्यांची नावं ऐकू यायची, आणि हा पंचवीस वर्षांचा एम.ए. झालेला मुलगा रबरी फुगा दाबून काचेच्या नळीत बॅटरीचं तेजाब ओढून घेत बसायचा. नळीत एक तरंगणारा काटा होता. तो वर राहिला, साडेबाराशेच्या रेघेला टेकला, की बॅटरी भरलेली. बुडाला की रिकामी.

हे सगळं त्याला भालचंद्रकाकांनी शिकवलं होतं. ते या ट्रकचे जुने ड्रायव्हर. गल्लीतच, एका घाऊक कापड दुकानाच्या माडीवर राहायचे.

"उभी गाडी म्हणजे अंथरुणाला खिळलेला माणूस," ते म्हणाले होते. "काम सांगू नकोस, पण आठवड्यातून एकदा विचारपूस कर. पाणी बघ, टर्मिनलवरचा पांढरा बुरा गरम पाण्याने धू, व्हॅसलीन लाव. मग चार्जर जोड, आणि शेवटी सेल्फ मारून वीस मिनिटं इंजिन फिरू दे. केलं नाहीस तर ज्या दिवशी गरज लागेल त्याच दिवशी ती नुसती टकटक करेल."

श्रीरंगने ते मनावर घेतलं. तो प्रत्येक गोष्ट मनावर घेत असे.

ट्रक होता जनआरोग्य मंडळाचा. दिल्लीत नोकरीला आलेल्या मराठी कुटुंबांनी हे मंडळ काढलं आणि चौऱ्याहत्तर साली या ट्रकवर बंद बॉडी बांधून घेतली. आत दोन बाकं, एक स्ट्रेचर, औषधांचं कपाट, छताला एक दिवा. बाहेर निळ्या अक्षरांत 'फिरता दवाखाना'. नऊ वर्षं तो वस्त्यावस्त्यांतून फिरला. त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात आवारात येऊन उभा राहिला, तो तिथेच.

का उभा राहिला, हे श्रीरंगने विचारलं नाही. उभा आहे, याचाच त्याला संताप आला. यमुनापार माणसं साध्या न्यूमोनियाने मरतात, आणि इथे दवाखाना चाकांना विटा लावून झोपलाय! सभेत तो तसं बोलला. जरा जोरातच बोलला.

अध्यक्ष अण्णासाहेब मंत्रालयातून अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अच्छा. चलो, जानेवारीचा दुसरा रविवार. कमिटीसमोर गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली पाहिजे. यमुनापार जायचं, शिबिर करायचं, परत यायचं. रस्त्यात एकदा जरी अडून बसली ना श्रीरंग, तर सोमवारी मायापुरीचा भंगारवाला येईल. मग भाषण नको."

"मंजूर," श्रीरंग म्हणाला.

२

पहिल्या शनिवारी त्याने बॅटऱ्या पूर्ण भरल्या. दुसऱ्या शनिवारी काटा अकराशे ऐंशीवर होता.

बॅटऱ्या नव्या होत्या. थंडीने थोडं उतरतं हे त्याला माहीत होतं, पण इतकं नाही. त्याने पुन्हा भरल्या. तिसऱ्या शनिवारी काटा पुन्हा तिथेच. सेल्फ मारला तर इंजिन म्हाताऱ्यासारखं कण्हत फिरलं आणि नाइलाजाने सुरू झालं.

तो तडक माडीवर गेला. भालचंद्रकाका मफलर गुंडाळून उन्हाची वाट पाहत बसले होते.

"काका, बॅटरी टिकत नाहीये."

"मग काहीतरी तिला खातंय."

"सगळं बंद असतं. दिवा नाही, रेडिओ तर नाहीच."

"तुला बंद दिसतं. तारेला काय दिसतं ते बघ. निगेटिव्हची केबल काढ, आणि केबल आणि टर्मिनल यांच्या मध्ये चोवीस व्होल्टचा बल्ब धर. गाडीत खरंच सगळं बंद असेल तर बल्ब लागणार नाही. लागला, तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, तो चोर."

"एवढं सोपं आहे?"

"सोपंच आहे." काकांनी चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला. "नाहीतर असं कर ना, केबल काढूनच ठेव. भानगडच नको."

"आणि रात्रीअपरात्री पेशंट आला तर पाना शोधत बसू? गाडी तयार म्हणजे तयार पाहिजे, काका."

 श्रीरंग जिन्यावर पोहोचला तेव्हा वरून आवाज आला, "श्रीरंग, फ्यूज सापडला की काढून टाक हो. पुढे शोधत बसू नकोस."

तो हसला. शोधत बसू नकोस, हे वाक्य त्याला आयुष्यात कुणी कधी पटवून देऊ शकलं नव्हतं.

३

त्याने केबल काढली, बल्ब मध्ये धरला. बल्ब लागला नाही.

दोन श्वास तो तसाच उकिडवा बसून राहिला. थंडीने बोटं बधिर झाली होती. काका उगाच, असं त्याच्या मनात येतंय तोवर बल्ब लागला. सेकंदभर पिवळा उजेड, आणि विझला.

हात हलला असेल. त्याने वायरचा चिमटा घट्ट केला. बल्ब पुन्हा लागला, विझला. मग अंधार. मग पुन्हा.

श्रीरंगने मनगटावरचं घड्याळ बघायला सुरुवात केली. सतरा सेकंद. पुन्हा सतरा. एकदा अठरा, मग सतरा. उजेड, वाट पाहणं, उजेड.

तो केबिनमध्ये चढला, फ्यूजचं झाकण उघडलं. बल्ब खाली जमिनीवर ठेवला होता, दार उघडं ठेवून तो त्याच्याकडे बघत एकेक फ्यूज काढत गेला. हेडलाइट. बल्ब लागतच राहिला. मागचा दिवा. लागतच राहिला. शेवटून दुसऱ्या फ्यूजशेजारी कुणीतरी पेन्सिलने 'घंटी' असं लिहिलं होतं. तो काढला. त्याने पन्नासपर्यंत मोजलं. शंभरपर्यंत मोजलं. खाली अंधारच राहिला.

घंटी म्हणजे काय ते त्याला मंडळाच्या जुन्या नियमांच्या कागदावरून माहीत होतं. मागच्या बॉडीत स्ट्रेचरच्या डोक्याशी एक बटण होतं. पेशंटजवळ बसलेल्याने ते दाबलं की ड्रायव्हरच्या डोक्यावर घंटी वाजे. बसमधल्यासारखाच हिशोब: एक घंटी थांबा, दोन घंट्या चला. पण डोक्यावर तर घंटी नव्हती. त्याने ड्रायव्हरच्या सीटवर उभं राहून छताचं पॅनेल सैल केलं, आत हात घातला, आणि हाताला काहीतरी मऊ लागलं.

घंटी होती. कापसाच्या जाड थरात गुंडाळलेली, वरून बँडेज, बँडेजवर चिकटपट्टी. जखम बांधावी तशी नीट बांधलेली. कापूस जुना होऊन पिवळा पडला होता.

त्याने फ्यूज पुन्हा लावला आणि केबलही. घंटीवर तळवा ठेवला. सतरा सेकंदांनी तळव्याखाली ती थरथरली, आवाज न करता, मुठीत धरलेल्या पाखरासारखी. एकदाच.

एक घंटी. थांबा.

उभ्या गाडीला.

४

मागचं दार उघडलं तेव्हा आतून स्पिरिटचा वास आला. इतक्या वर्षांनीही. श्रीरंगला त्याचं नवल वाटलं, मग वाटलं, लाकडात मुरला असेल. बाकांवर धूळ, कपाटाच्या काचेवर धूळ, जमिनीवर धुळीचा सलग पापुद्रा. त्यावर उंदराचंही पाऊल नव्हतं. फक्त स्ट्रेचरच्या डोक्याशी भिंतीवरचं बटण तेवढं स्वच्छ होतं. काळं, गुळगुळीत, बोटांनी चकचकीत झालेलं. बसच्या दांड्याचा हाताशी येणारा भाग चकचकीत होतो तसं.

श्रीरंग त्या बटणासमोर उभा राहिला. हा मूर्खपणा आहे हे त्याला कळत होतं. तरी उभा राहिला आणि मनात मोजू लागला. आत स्वतःच्या श्वासाचा आवाज येत होता. बाहेर कुठेतरी स्कूटरला कोणी किक मारत होतं.

सतराला पुढच्या केबिनमधून, पत्र्याच्या भिंतीपलीकडून, घुर्र असा दबका आवाज आला. बटण हललं नाही. केसभरसुद्धा नाही.

त्याला इतकं हायसं वाटलं की तो मोठ्याने म्हणाला, "शॉर्ट!"

म्हणजे बटण कुणी दाबत नव्हतं. भिंतीत कुठेतरी तारेचं कव्हर उसवलंय, दमट हवेने तार पत्र्याला टेकतेय, गरम होऊन सुटतेय, थंड होऊन पुन्हा टेकतेय. विज्ञान. त्याने दार लावलं, फ्यूज काढून खिशात टाकला आणि शीळ घालत घरी गेला.

जेवताना त्याच्या मनात आलं की धुळीचा थर पाच वर्षांचा आहे, आणि बटण पुसलेलं आहे. मग त्याने भात मागून घेतला आणि आईशी दुसरंच काहीतरी बोलू लागला.

५

"बँडेज तुम्ही बांधलंत?"

भालचंद्रकाकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. उन्हाचा एक चौकोन माडीवर आला होता, त्यात त्यांनी पाय सरकवले.

"बांधलं. घंटीच काढायचा धीर झाला नाही. काढली असती तर नवी लावावी लागली असती." मग ते म्हणाले, "त्या शेवटच्या फेरीच्या सकाळी ती खूप वाजली रे. मी म्हटलं, हॉस्पिटल तर समोर आलंच. शेजारी आपले तेव्हाचे सेक्रेटरी बसलेले. ते म्हणाले, चलो चलो भालचंद्र, थांबलास तर अजून उशीर होईल. बाईमाणूस आहे, घाबरून वाजवतेय. आणि मी..."

"काका," श्रीरंग म्हणाला, "ते झालं. मला सांगा, तार कुठल्या बाजूने नेली आहे? उजव्या की डाव्या?"

काका थांबले. "डाव्या," ते म्हणाले. "आणि तू जरा माणसाचं बोलणं पुरं होऊ देत जा."

"सॉरी काका. पण वेळ कुठे आहे? दोन आठवडे राहिले. रविवारी गाडी तुम्हीच चालवायची, बरं का. तुमच्याशिवाय तिचं ऐकणारं कोणी नाही."

"मी पाच वर्षांत तिच्या जवळ गेलो नाही."

"म्हणूनच."

काकांनी पाय उन्हातून मागे घेतले. "येतो," ते म्हणाले. "एका बोलीवर. घंटी वाजली की मी गाडी थांबवणार."

"बिल्कुल," श्रीरंग म्हणाला. त्याच्या खिशात फ्यूज होता.

६

फ्यूज काढल्यावर काटा आठवडाभर साडेबाराशेवरून हलला नाही. श्रीरंगने तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण त्याने डाव्या बाजूची सगळी तार नवी टाकली, बटणही नवं बसवलं, बँडेज सोडून घंटी मोकळी केली. केलेलं काम अर्धं ठेवणं त्याच्या रक्तात नव्हतं. आणि सरलाताई घंटीसाठी अडूनही बसल्या होत्या.

सरलाताई साळवे मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. तिथल्या मिशनच्या दवाखान्यात शिकून दिल्लीत सरकारी नोकरीला आलेल्या, तीस वर्षांचा अनुभव असलेल्या नर्स. रविवारची प्रार्थना बुडवून शिबिराला यायला त्या एकट्याच तयार झाल्या होत्या.

"मागे मी बसणार ना? मग घंटी पाहिजे," त्या म्हणाल्या. "पेशंट बिघडला तर काय मी टाळ्या वाजवू? चालत्या गाडीत धड सलाइन लावता येत नाही, अजून काय काय येणार. थांबवता आली पाहिजे गाडी."

"घंटी आहे ताई. थोडी लूज आहे इतकंच."

"दाखव."

त्याने नवा फ्यूज लावला. दोघं ट्रकशेजारी, बाहेर उभे होते. मागचं दार सताड उघडं होतं, आत कोणी नव्हतं. घंटी खणखणीत वाजली. एकदा. मग धुक्यात शांतता. श्रीरंगने घड्याळ बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. ती पुन्हा वाजली.

सरलाताईंनी दाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तार नवी टाकलीस म्हणालास."

"अर्थिंगचा प्रॉब्लेम असणार. बॉडी जुनी आहे."

"ह्याला लूज म्हणतात होय रे?"

"ताई, रविवार चार दिवसांवर आलाय!" तो जवळजवळ ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "असं करू. घंटीकडे आम्ही लक्षच देणार नाही. केबिनच्या मागे ही काच आहे ना? थांबायचं असलं की काचेवर थाप मारा. दोन हातांवर तर काच आहे. थाप म्हणजे थांबा. सोपं."

सरलाताई काचेपर्यंत जाऊन हात लावून आल्या. "बरं," त्या म्हणाल्या. "पण भालचंद्रकाकांना सांगून ठेव."

रविवारी सकाळी त्याने सांगितलं. काकांना ते आवडलं नाही, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. पण तोवर अण्णासाहेब आणि कमिटीची माणसं कोट घालून आवारात उभी होती.

७

गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. टाळ्या पडल्या. अण्णासाहेब म्हणाले, "अच्छा! आता परत येईपर्यंत अशीच राहू दे."

यमुनापारच्या वस्तीत दोनशे माणसं रांगेत उभी होती. श्रीरंगला वाटलं होतं की हे बघून आपल्याला आनंद होईल. त्याला नुसती घाई झाली. अकरा वाजता एका म्हाताऱ्याला खाटेवर घालून आणलं. कचरा वेचणारा, एकटा राहणारा, छातीत घरघर, ओठ निळसर. सरलाताईंनी नाडी धरली आणि म्हणाल्या, "ह्याला आत्ता हॉस्पिटलला न्यायचा."

"कोई साथ चलेगा?" श्रीरंगने शेजाऱ्यांना विचारलं.

एकमेकांकडे बघणं झालं. "दिहाड़ी टूट जाएगी, बाबूजी," एक जण म्हणाला. रोजंदारी बुडवून कोणी पुढे आलं नाही. श्रीरंगने स्वतः म्हाताऱ्याला स्ट्रेचरवर घेतलं, सरलाताई चढल्या, आणि त्याने दाराची कडी बाहेरून लावली. दोघं आत. तो पुढे धावला.

धुकं उठलं नव्हतं, उलट नदीकडे दाट होत चाललं होतं. काकांनी पिवळे दिवे लावले. ट्रक पुलावर चढला आणि घंटी वाजली.

काकांचा पाय आपोआप उचलला गेला. श्रीरंगने मागे वळून काचेकडे पाहिलं. काच आतून धुरकटली होती. थाप आली नाही.

"ते नेहमीचंच आहे काका. चला."

काही क्षण गेले. पुन्हा एक घंटी.

"श्रीरंग, ताई वाजवत असतील."

"ताईंना सांगितलंय थाप मारा म्हणून. त्या विसरणाऱ्यातल्या नाहीत." आणि तरी त्याने घड्याळ समोर धरलं. त्याला खात्री हवी होती. काटा सरकत होता. पंधरा. सोळा. सतराला घंटी वाजली, आणि श्रीरंगने सुस्कारा सोडला. "बघा. सतरा सेकंद. उभी असताना वाजते तश्शीच. माणूस घड्याळ लावून घंटी वाजवेल का?"

"मी थांबवतो."

"पुलावर? मागे बस लागलीय, दहा फुटांवरचं दिसत नाही. इंजिन बंद पडलं तर? अण्णासाहेबांना काय सांगू? आणि हॉस्पिटल समोर आलंच, काका. दहा मिनिटं. थांबलो तर अजून उशीर होईल."

भालचंद्रकाकांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. एकदाच. त्या नजरेत राग नव्हता. ओळखीचं कुणीतरी अचानक भेटावं तशी ती नजर होती.

श्रीरंगने बाहीने काच पुसली. वाफ आतल्या बाजूने होती, तरी त्याने पुसली. आत पांढरं काहीतरी वरखाली होत होतं. गाडीच्या धक्क्यांनी, असं त्याने ठरवलं. त्या पांढऱ्याच्या पलीकडे, स्ट्रेचरच्या डोक्याशी, काहीतरी गडद उभं होतं. ब्लँकेट खुंटीला टांगलं असेल.

घंटी वाजली. सतरा. घंटी वाजली. सतरा. भालचंद्रकाका ओठ घट्ट आवळून चालवत होते, त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला त्यांनी स्टेअरिंग सोडलं नाही. पूल संपला. सिग्नल हिरवा मिळाला, पुढचाही मिळाला. हॉस्पिटलच्या वळणावर घंटी थांबली.

"पाहिलंत?" श्रीरंग म्हणाला. "गेला फॉल्ट."



८

गाडी रस्त्यात एकदाही थांबली नाही.

श्रीरंगने कडी काढली. सरलाताई जमिनीवर गुडघे टेकून बसल्या होत्या. थंडीच्या त्या दिवसात त्यांचा चेहरा घामाने भिजलेला, केस सुटलेले. दोन्ही तळवे एकावर एक, अजून म्हाताऱ्याच्या छातीवर. म्हाताऱ्याला आता कसलीच घाई नव्हती.

"थांबला का नाहीत?" त्या हळू म्हणाल्या. ओरडायला त्यांच्यात श्वास उरला नव्हता.

"ताई, थाप..."

"थाप कोणत्या हाताने मारू? पूल चढलो आणि त्याचा श्वास बंद पडला. पंधरा वेळा छाती दाबायची, दोनदा तोंडाने श्वास द्यायचा, पुन्हा पंधरा. एकटीने. हलत्या गाडीत हात घसरतो, बरगडीवर जातो. तू मागे आला असतास तर श्वास तू दिला असतास. दोन मिनिटं गाडी उभी राहिली असती तर..." त्या थांबल्या. "नाडी लागली होती रे. एकदा लागली होती."

हॉस्पिटलची माणसं स्ट्रेचर घ्यायला आली. श्रीरंग बाजूला झाला. त्याचं डोकं भलत्याच ठिकाणी अडकलं होतं. पंधरा वेळा छाती दाबायला किती वेळ लागतो? आणि दोन श्वासांना?

"ताई," तो म्हणाला, "दोन्ही हात छातीवर होते, तर घंटी कशी वाजवलीत?"

"मी कुठे वाजवली?" सरलाताई दाराची चौकट धरून उतरत होत्या. "माझं पंधरा आणि दोन झालं की ती वाजवत होती. त्याच्याबरोबरची बाई. बरं झालं तू तिला बसू दिलंस, मी एकटी असते तर वेडी झाले असते."

श्रीरंगने आत पाहिलं. दोन बाकं, कपाट, छताचा दिवा. खुंटी रिकामी होती. ब्लँकेट म्हाताऱ्याच्या पायांवर गेलं होतं.

"दार मी लावलं, ताई. आत तुम्ही दोघंच होता."

सरलाताईंनी मागे वळून पाहिलं.  पुढून भालचंद्रकाका उतरून आले होते, ट्रकच्या कडेला धरून उभे होते. इंजिन तसंच चालू होतं.

"काय म्हणाली ती?" काकांनी विचारलं. त्यांनी कोण, असं विचारलं नाही.

सरलाताईंनी ओठांवर हात ठेवला, मग काढला.

"मी तिला सांगितलं, बाई, ते थांबणार नाहीत, त्यांना वाटतंय घंटी बिघडलीय. तर म्हणाली, तुम्ही दाबत राहा, मी वाजवते. आज तरी थांबतील."